बदामखिडकी

हॅलो?

…हो ताई, मीच. बोल.

…अगं पाण्याचा आवाज आहे तो. नळ सोडलाय. फोन खांद्यात दाबून धरलाय, मान आखडलीये, तरी तू बोल. हात धुतल्याशिवाय मला डबा उघडवणार नाही.

…नाही, लागलंबिगलं काही नाही. मघाशी एक नवं जोडपं आलं होतं. त्यातल्या बाईनं त्या दगडाला ओठ टेकवले, मग तेच ओठ हातानं पुसले, आणि तोच हात माझ्या हातात देऊन म्हणाली, थँक्यू हं, फार छान वाटलं. तेव्हापासून साबण लावतेय.

…कुठला दगड म्हणजे? बदामखिडकीचा. आमच्या किल्ल्यात दुसरं बघतंय कोण? एवढ्या तोफा आहेत, हौद आहे, अख्खं गाव वर्षभर जेवेल एवढं धान्याचं कोठार आहे. लोक गेटवर तिकीट फाडायच्या आधी विचारतात, ती खिडकी कुठंय? रांग लावतात. पलीकडच्या बाजूनं दोघांनी गालाला गाल लावायचा, भोकात तोंडं घालायची, अलीकडून तिसऱ्यानं फोटो काढायचा. दिवसभर तेच. मी गाइड आहे की जत्रेतली पाळणेवाली, मलाच कळत नाही.

…काय म्हणालीस? थांब, नळ बंद करते.

…हां, आता बोल. कोण येतंय?

…आज?

…अगं मग आधी कळवायचं तरी. … हं. … हं. टिचकी, तिचा तो दातांचा डॉक्टर, त्याची आई, म्हणजे तुझ्या होणाऱ्या विहीणबाई… आणि फोटोवाला. बरं. येऊ देत की. माझ्या भाचीला किल्ला मी नाही दाखवणार तर कोण? तू नोकरीला जायचीस तेव्हा शाळा सुटली की पोरगी माझ्याकडेच असायची. दिसेल त्या दगडाला टिचकी मारायची आणि कान लावून आवाज ऐकायची. नाव काय उगाच पडलं का तिचं?

…मग लग्नाआधीचे फोटो म्हणजे ते हातात हात घालून पळतात तसले ना? वरच्या बुरुजावर काढा. उजेड छान असतो.

…कुठे?

…नाही.

…ताई, नाही. … अगं ऐक ना. … आधी ऐक तर माझं. बुरुजावर काढा, तोफेवर बसून काढा, माझ्या डोक्यावर बसून काढा. बदामखिडकीत नाही.

…कारण तो संडास आहे.

…हो. संडासच म्हणाले. शौचकूप म्हणू? त्यानं वास कमी येतो का?

…अगं खिडकी संडास नाही, तो दगड. तो संडासाचा दगड आहे. बसायचा.

…नाही, मी चेष्टा करत नाहीये. पश्चिमेच्या भिंतीत खाली ती लांबट अंधारी खोली आहे बघ. पहारेकऱ्यांची जागा होती ती. बाकासारखी दगडी रांग, त्यात भोकं, खाली थेट दरी. चौघांनी शेजारी शेजारी बसायचं आणि गप्पा मारायच्या. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं त्यांना. रोमन लोकांच्या तर वीस-वीस जणांच्या ओळी असायच्या, मधे साधा आडोसासुद्धा नाही. आता त्या खोलीत तीन बैठका आहेत. चौथीची जागा मोकळी. आणि चौथी वर आहे. खिडकीत. फुलं वाहतात तिला.

…तिथे गेली कशी म्हणजे? भिंतीची डागडुजी काढली होती ना मागे. कंत्राटदाराच्या माणसांना तो दगड उतारावर गवतात सापडला. ती बाहेरून आलेली माणसं, खालची खोली कुणी पाहिली नव्हती. वरच्या सज्जात एका खिडकीची जाळी कधीच नाहीशी झालेली. माप बसलं, उभा करून बसवून टाकला. भोक एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळतं, आणि रुंद बाजूचा मधोमध टवका उडालेला. उभा केला की झाला बदाम. आडवा होता तोवर तिथे बसत होते, उभा केला आणि लोक प्रेमात पडायला लागले.

…मॅनेजरला? सांगितलं नसेल का मी? हाताला धरून खाली नेलं त्याला. मोकळी जागा दाखवली, वरच्या दगडाचं माप घेतलेली दोरी तिच्यावर ताणून दाखवली. काय म्हणाला माहितीये? मॅडम, खाली कोण जातंय? आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडेच ठेवली, म्हणजे वटवाघळांची घाण झाडायला मीच. आणि वर बोर्ड लागला.

…हो, तीच गोष्ट. राणीला म्हणे एक पाथरवट आवडायचा. त्यानं तिच्यासाठी हा बदाम कोरला, राजानं त्याचे हात तोडले, आणि राणी मरेपर्यंत या बदामातून वाट बघत बसली. बसली हे एकच खरं त्यातलं, फक्त राणी नाही.

…अगं कुठली राणी? हा जकातीचा किल्ला. इथून जाणाऱ्या मालावर कर घ्यायचे. शिपाई, घोडे आणि कारकून, एवढेच राहिले इथे. राणीनं या बाजूला कधी तोंडसुद्धा केलं नाही. आणि हे अत्तर तिच्या नावानं बोर्ड लावतंय.

…अत्तर म्हणजे आमचा मॅनेजर. आम्ही सगळे तेच म्हणतो त्याला. हा माणूस जिना चढायच्या आधी त्याचा वास चढतो. आणि एवढा भाव खातो त्या वासाचा, ताई, त्याला कुणीतरी सांगायला हवं की जुन्या भारी अत्तरांत काय पडायचं. एक पदार्थ देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. समुद्रावर लाटेबरोबर तरंगत येतो, लोक सोन्यासारखा उचलतात. दुसरा एका मांजरासारख्या प्राण्याच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून खरवडून काढायचे. शेपटीखालच्या. तो मानेला लावायचा आणि…

…बरं, नाही सांगत. मीसुद्धा अजून जेवले नाहीये. डबा उघडलाय नि झाकण परत लावलंय.

…हां. बोल.

…विहीणबाईंना आवडते? कधी पाहिली त्यांनी?

…अच्छा, त्या मागच्या वर्षी येऊन गेल्या. आणि तेव्हाच ठरवलं. म्हणजे मुलगी ठरायच्या आधी खिडकी ठरली होती. छान.

…नाही, मी कुठे टोमणा मारतेय?

…पत्रिकेवर काय?

…ताई, पत्रिकेवर काय छापलंय?

…थांब. मला बसू दे. … म्हणजे तो बदाम, आणि त्या बदामात या दोघांची नावं. सोनेरी अक्षरांत. आणि वाटल्यासुद्धा. अगं, म्हणजे आत्ता या घटकेला घरोघरी लोकांनी कपाटावर, फ्रिजवर पहारेकऱ्यांचा संडास उभा करून ठेवलाय. आणि त्यात माझ्या भाचीचं नाव.

…मला का नाही मिळाली मग?

…पोस्टात अडकली असेल. हो ना. कशी बरोबर माझीच अडकली.

…आणि काय? … स्टेजवर? … थर्माकोलचा? केवढा? … माणूस जाईल एवढा. म्हणजे नवरानवरी त्यातून बाहेर येणार. ताई, त्या भोकातून आजवर जे काही गेलं ते… बरं बरं. बोलत नाही. पण तूच डोळ्यांसमोर आण. तू तुझी चांगली साडी नेसून खाली उभी आहेस, आणि तुझी लेक त्यातून…

…हसू नकोस. मी हसत नाहीये.

…त्या दिवशी जेवताना मी काय वाईट बोलले? मुलगा दातांचा डॉक्टर आहे म्हटल्यावर मी दातांबद्दल बोलले. जुन्या रोममध्ये काही लोक दात पांढरे करायला लघवीनं चूळ भरायचे. खरं आहे ते. कपडेसुद्धा त्यातच धुवायचे, रस्त्यावर माठ ठेवून गोळा करायचे, आणि एका बादशहानं त्याच्यावर कर बसवला होता. यात माझा काय दोष? मी लावला का कर?

…विहीणबाई उठल्या असतील. तो नाही उठला. तो एवढा हसला की पाणी नाकात गेलं त्याच्या. मग हळूच मला विचारतो, मावशी, अजून सांगा ना. मला बरा वाटला तो. फक्त आईनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि संपलं सगळं. दिवसभर लोकांची तोंडं उघडतो आणि आई समोर आली की याचंच बंद.

…हो, चांगला आहे. चांगला आहेच म्हणतेय मी.

…काय? हळू का बोलू? मी इथे गाइडांच्या खोलीत एकटी आहे. या खोलीत एक खुर्ची, एक नळ आणि एक फुटका पंखा. ऐकायला पालसुद्धा नाही.

…एक मिनिट.

…ताई, एक मिनिट थांब. मी तुला मघापासून सांगतेय की तुझी मुलगी संडासाच्या भोकात तोंड घालून फोटो काढणार आहे. आणि तू एकदासुद्धा शी म्हणाली नाहीस. तू, जी दुसऱ्याच्या घरी चहाचा कप आधी उजेडात धरून बघतेस. तू म्हणतेस हळू बोल.

…तुला माहीत होतं.

…नाही, तू आधी हो किंवा नाही म्हण.

…कुणी सांगितलं?

…टिचकीनं.

…कधी?

…पत्रिका दाखवायला विहीणबाई घरी आल्या तेव्हा. मग? … मग ती काय म्हणाली? … आई, हा दगड तर… एवढंच म्हणाली. आणि तू?

…टेबलाखालून पाय दाबलास तिचा. वा.

…आणि मग त्या गेल्यावर तिनं सगळं सांगितलं, आणि तू म्हणालीस, लग्न होईस्तोवर गप्प बस.

…अगं तिला माहीत नसेल कसं? तिनंच तर ओळखला तो. हे नाही सांगितलं तिनं तुला? लहानपणी त्या खोलीत घेऊन जायचे मी तिला. तीन बैठकांवर तीन टिचक्या मारायची आणि मोकळ्या जागेसमोर उभी राहून रोज विचारायची, मावशी, चौथी कुठे गेली? मी रोज म्हणायचे, माहीत नाही गं बाळा. रोज. मी गाइड असून मला एकाच प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, आणि नेमका तोच ती विचारायची. मग कॉलेजात असताना आली एकदा, तेव्हा खिडकी नवीनच बसली होती. बोर्डबीर नव्हता लागला अजून. सवयीनं टिचकी मारली तिनं. कान लावला. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, मावशी, चौथी सापडली. मी म्हटलं चल काहीतरीच. तर दोरी आणायला तिनंच पळवलं मला. मग आम्ही दोघी एवढ्या हसलो, एवढ्या हसलो, की ती भिंतीला टेकून खालीच बसली.

…तीच मुलगी आज त्यात तोंड घालणार. माहीत असून. आणि हसणार फोटोसाठी.

…नाही ताई, दगडाचं नाही काही. दगड धुतला जातो. पावसानं शेकडो वर्षं धुतलाय तो, तुझ्या-माझ्या हातापेक्षा स्वच्छ असेल. मला किळस दगडाची नाही येत.

…सांगू कसली येते? तुझी.

…रडू नकोस. … रडू नकोस म्हटलं ना. मी बोलणार आता. तुझ्या सासूबाई तुझे हात हुंगायच्या, आठवतंय? स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी. साबणाचा वास आला तरच आत. पाहुण्यांसमोरसुद्धा. मी पाहिलंय ते. आणि तू दोन्ही हात पुढे करून हसायचीस. मी घरी येऊन ओकले होते त्या दिवशी. तू म्हणालीस, अगं एवढं काय, त्यांची पद्धत आहे ती.

…हो, निभावलंस. संसार केलास. कुणी नाही म्हणतंय? पण आता तू तिचे हात धरून पुढे करतेयस. हुंगा म्हणून.

…मग काय वेगळं आहे यात? विहीणबाईंना वाईट वाटेल म्हणून तिनं गप्प बसायचं. मग त्यांना वाईट वाटेल म्हणून काय काय गिळायचं, त्याची काही हद्द आहे का? ही तर सुरुवात आहे. आणि सुरुवातीलाच काय दिलंयत तिच्या तोंडासमोर, बघ.

…लोक काय, लोक वाटेल ते करतात. एका देशात राजाला शौचाला घेऊन जायचं काम होतं, आणि मोठमोठे सरदार त्या कामासाठी भांडायचे. का? तर राजाच्या कानाशी जाता येतं. नाक मुठीत धरून कानाशी जायचं. तेच चाललंय अजून.

…बरं, ते ऐकायचं नसेल तर हे ऐक. युरोपात बाराव्या शतकात एका ठिकाणी राजानं सभा बोलावली. माडीवर सगळे सरदार, धर्मगुरू, भारी भारी कपडे. जमीन खचली. खाली मैल्याची टाकी. साठेक माणसं गेली म्हणतात, त्यातली किती तरी त्यात बुडून. राजा वाचला, कारण तो भिंतीतल्या कोनाड्यात बसला होता. सगळ्यांना ठाऊक असणार गं, खाली काय आहे ते. वास येत नसेल का? पण वर गालिचा होता ना.

…हो, तुमचा लग्नाचा हॉलसुद्धा पहिल्या मजल्यावरच आहे. त्याला मी काय करू?

…नाही, मी लग्न मोडायला निघालेली नाहीये. कोण म्हणालं मोडा? एका दगडानं मोडत असेल तर… बरं. बरं, ऐकते. बोल तू.

…हं.

…हं.

…भाऊजींना माहितीये? … नाही. अर्थात. त्यांना काय माहीत असतं कधी?

…काय हवंय तुला माझ्याकडून? स्पष्ट सांग.

…शपथबिपथ मी घेत नाही. … नाही, माझ्या डोक्यावर हात ठेवल्याची कल्पनाही करू नकोस.

…ठीक आहे. शब्द देते. मी आपणहून बोलणार नाही. तोंडातून अवाक्षर काढणार नाही. ती बोर्डावरची गोष्ट सांगणार नाही पण. ती मी कधीच सांगत नाही. मी तिथे गेले की म्हणते, फोटो काढून घ्या, आणि पाठ करून उभी राहते. अत्तरानं त्याबद्दल मला परवा तंबी दिलीये. म्हणाला, मॅडम, गोष्ट हावभाव करून सांगायची, नाहीतर दुसरी गाइड बघतो. बघ म्हटलं.

…ते माझं मी बघेन. नोकरी माझी आहे. तू तुझं ऐक. मी सुरुवात करणार नाही. पण कुणी विचारलं, तर खोटं बोलणार नाही. एवढंच. यापेक्षा जास्त माझ्याकडून होणार नाही.

…कोण विचारणार? मला काय माहीत? विहीणबाईंना गोष्ट पाठ आहे, म्हणतेस ना? मग भीती कसली तुला?

…हो, दिला शब्द. दिला गं.

…आलेच वाटतं. तिकिटाच्या खिडकीपाशी मोठ्यानं बोलतंय कुणीतरी. … त्याच आहेत. जांभळी साडी, मोठा चष्मा. … हं. मागे फोटोवाला, छत्री उलटी धरून. मुलगा… मोबाइलमध्ये बघतोय. आणि टिचकी. ताई, टिचकीच्या हातात दोन पर्स आहेत.

…एक तिची. दुसरी कुणाची ते तूच ओळख.

…नाही, मी काही म्हटलं का? जे दिसतंय ते सांगितलं.

…फोन बंद नको करू? का? विश्वास नाही माझ्यावर?

…बरं, राहू दे चालू. हातात धरते. ऐक तू. पण मधेच ओरडू नकोस, त्यांना ऐकू जाईल.

…नमस्कार. या, या. हो, मी तिची मावशी, भेटलोय आपण. त्या दिवशी जेवायला. … हो, तीच मी, दातांवरून बोललेली. … फोन ना, माझी बहीण आहे लाइनवर. तिला यायचं होतं, गुडघ्यामुळे चढवत नाही. म्हटलं निदान ऐक. … ताई, त्या नमस्कार म्हणतायत तुला.

…काय गं टिचके. वाळलीस. दे ती पर्स इकडे, एक तरी दे. … नको? बरं.

…इकडून या. पायरी झिजलीये, जपून. चढताना उजव्या भिंतीला हात ठेवा.

…ते कुलूप होय? खाली एक खोली आहे, बंद असते.

ताई, ऐकतेयस ना? खालच्या खोलीचं विचारलं त्यांनी आणि मी फक्त बंद असते म्हणाले. खरं तेवढंच. बघ, कसा पाळतेय शब्द.

…या, पुढे या. ही समोर. … हो, गर्दी आहे थोडी. अहो दादा, तुमचे झाले असतील फोटो तर जरा बाजूला होता का? … धन्यवाद.

…सर, तुम्ही कशाला आलात एवढे जिने चढून? … हो, माझ्याच घरचे आहेत. … गोष्ट? बोर्डावर लिहिलीये ना सर. मोठ्या अक्षरांत.

…हो सर, हावभाव. आठवतंय मला. पण यांना पाठ आहे. त्याच सांगतील.

अत्तर आलंय, ताई. सगळा सज्जा भरला वासानं. विहीणबाई गोष्ट सांगतायत त्याला. त्यानंच रचलेली गोष्ट त्यालाच, डोळे पुसत. आणि तो मान डोलावतोय. … नाही, बोलत नाहीये मी. फुटक्या पंख्यासारखी गप्प उभी आहे. पाठ केलीये मी खिडकीकडे.

…हं. मुलगा पलीकडे गेला. फोटोवाला म्हणतोय, मुलीला स्टूल लागेल. आणलं कुणीतरी. … चढली ती. … मला कसं दिसतंय? काचेचं कपाट आहे समोर, जुन्या तलवारींचं. त्यात दिसतंय सगळं.

…त्यानं तोंड घातलं. … हसतोय, कॅमेऱ्याकडे बघून. … विहीणबाई म्हणतायत, सूनबाई, अजून पुढे. गाल लाव. … ताई, तिनं डोळे मिटलेत.

…काही नाही. तशीच उभी आहे.

…नाही अजून. हात ठेवलाय दगडावर. … फोटोवाला म्हणतोय, मॅडम, स्माइल.

थांब.

…ऐकलंस?

…आवाज. टण्ण झालं ते. टिचकी मारली तिनं.

…मी नाही. मी काही केलं नाही, ताई, माझी पाठ आहे. तिनं कान लावलाय दगडाला. सगळे बघतायत तिच्याकडे. आता… आता उतरतेय ती स्टुलावरून. इकडे येतेय. माझ्याकडेच.

…काय गं बाळा?

…

…ताई. ताई, ऐकलंस का तू? … नाही ऐकू आलं? मग मी सांगते. तिनं विचारलं, मावशी, चौथी कुठे गेली?

…अगं तिला माहितीये उत्तर. तिनंच शोधलंय. तरी विचारतेय. मोठ्यानं. सगळ्यांसमोर.

…नाही, मी काय खूण करणार? मी शब्द पाळलाय. अवाक्षर नाही काढलं.

…मुलगा? तो अजून भोकातच आहे. … नाही, हसत नाही आता. बघतोय तिच्याकडे. आता हसला. वेगळं हसला, त्या दिवशी जेवताना हसला होता तसं. … हो, आईसमोर. विचारतोय, मावशी, कसली चौथी? सांगा ना.

…हो सर, ऐकतेय मी. नंतर बोलू. … नंतर म्हटलं ना, सर.

…ओरडू नकोस, ताई. तुझ्या विहीणबाई मला काहीतरी म्हणतायत, ऐकू दे. … काय म्हणालात? … हो, हो. विचारा की.

ताई, त्या विचारतायत, ही कुठल्या चौथीबद्दल बोलतेय? तिघांनी विचारलं आता.

…नाही. गाइडला विचारलं की सांगावं लागतं.

…टिचके, आधी त्यांची पर्स त्यांना परत दे. हां. आता ही घे किल्ली, खालची. तूच उघड. … या ना, विहीणबाई, पायऱ्या जपून. तुम्हीसुद्धा या, डॉक्टर, पण आधी त्यातून तोंड काढा.

ठेवते, ताई.